चौकोन ब-४: खड्डा कुठून खणला?

जागा: भीमेच्या खोऱ्यात, नदीकाठची एक पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की गुप्तधनवाले रात्री टिकाव घेऊन हजर होतात. काळ: ताम्रपाषाणयुग, जोर्वे संस्कृती. या उत्खननात माझ्याकडे दहा मीटरच्या चौकोनाचा एक चतुर्थांश, ब-४ ईशान्य. शेजारच्या चौकोनांच्या मध्ये अर्ध्या मीटरचा बाल्क, म्हणजे न खणलेला बांध, सोडलेला. खोलीची सगळी मापं बाल्कच्या कोपऱ्यातल्या खुंटीपासून घेतलेली आहेत.

६ जानेवारी

नदीवर धुकं. टोटल स्टेशनमधून, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीतून, समोरची खूण दिसेना, त्यामुळे काम साडेआठला सुरू. मजूर कमी आहेत. कारखान्याचा हंगाम ऐन भरात आहे आणि ऊसतोडीला आमच्यापेक्षा जास्त पैसे मिळतात, असं मुकादमांनी सांगितलं. बरोबरच आहे त्यांचं. माझ्याकडे तीन मावश्या, एक आजी आणि दोन गडी.

थर १, ० ते २२ सेंमी: नांगराखालचा. ज्वारीची धसकटं, ठिबकच्या नळीचे तुकडे, बाटलीचं झाकण आणि त्यातच गारगोटीची सुंदर समांतर धारांची पाती. या थरातलं काहीही पुरावा म्हणून धरायचं नाही. मोजून पिशवीत टाकलं, पुढे.

थर २, २२ पासून खाली: राखट, भुसभुशीत माती. खापरं भरपूर, पण जाडसर, भाजणी कमी, नक्षी तुरळक. उत्तर जोर्वे, म्हणजे ढोबळ मानाने इ.स.पू. १००० नंतरची. नव्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी खापरांसमोर बसवलं. त्याआधीच्या, पूर्व जोर्वेचं भांडं नखानं टिचकी मारली की धातूसारखं खणखणतं. लालसर पृष्ठभागावर काळ्या रंगातली भौमितिक नक्षी, कंबरेत धार असलेली वाटी, तोटीचा तांब्या. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, तिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. खापर हातात घेऊन ओळखता येत नाही. ते आठवडाभरात येईल.

७ जानेवारी

३८ सेंमीवर चोपलेल्या जमिनीचा तुकडा, हाताच्या पंजाएवढा. जमीन १ म्हणून नोंद केली. त्यातून फार काही निघणार नाही.

५२ सेंमीवर जमीन २, ही मात्र चांगली टिकलेली. पिवळसर मातीचं सारवण, मध्ये चूल. कडेनं खांबखळगे. काळ्या मातीत खांबखळगा कोरड्यात दिसतच नाही; पाणी फवारलं की दहा-पंधरा मिनिटं आतली माती वेगळ्या वेगानं सुकते, तेवढ्यात खूण करून घ्यायची. फवारणीचा पंप नवा आणलाय. शेतातला वापरलेला पंप आणू दिला नाही, औषधाचा अंश नमुन्यांत उतरतो. सात खळगे मिळाले, कमानीसारखे मांडलेले. गोल झोपडी. उरलेली बाल्कखाली गेली आहे.

इनामगावातही वरच्या, उत्तर जोर्वेच्या थरांत अशाच गोल झोपड्या आहेत आणि खालच्या थरांत मोठी आयताकार घरं. घोड नदीवरचं ते गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणलं, शंभराहून जास्त घरं उघडी केली. पाऊस घटला, शेती कोसळली, लोक शेळ्या-मेंढ्यांवर आले आणि घरं लहान झाली, ही पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांची मांडणी. पावसाचा भाग विचार करण्यासारखा आहे. पण गोल झोपडी दिसली की लगेच ‘दारिद्र्य’ लिहायचं, ही आमच्या अहवालांची सवय मला घाईची वाटते.

एक नोंद स्वतंत्रपणे: जमीन २ चुलीच्या दक्षिणेला खचलेली आहे. कडेला ५२, मध्ये ५७. खोलगट भाग लांबट, साधारण उत्तर-दक्षिण. आराखड्यावर तुटक रेषेनं दाखवला.

९ जानेवारी

काल अर्धा दिवस जमीन २ चे फोटो आणि आराखडा. फोटो सकाळी साडेसातलाच काढायचे, तिरप्या उन्हात सारवणाच्या कडा उठून दिसतात. अकरानंतर सगळं सपाट पांढरं.

खचलेल्या भागाबद्दल आजींचं म्हणणं: ‘खाली पेव असंल. आमच्या जुन्या वाड्यात पेव बुजवलं हुतं, त्याच्यावरची भुई दर पावसाळ्यात बसायची. सासू वरनं माती टाकून सारवायची.’ पहिला अंदाज म्हणून हा आमच्या कुणापेक्षाही चांगला. धान्य साठवायचे खड्डे या काळात आहेतच.

सरांनी विचारलं, पूर्ण चौकोन एकदम खाली नेतेस का? नाही म्हटलं. खचलेल्या भागाच्या मधोमध पूर्व-पश्चिम दोरी बांधली. दोरीच्या दक्षिणेला खाली जायचं, उत्तरेकडची जमीन २ तशीच ठेवायची. म्हणजे खाली जे काही आहे त्यावरचे सगळे थर एका उभ्या छेदात दिसतील. पूर्ण जमीन काढून टाकली असती तर खाली काय आहे ते कळलं असतं, पण ते कुठल्या जमिनीवरून खणलं हे कायमचं गेलं असतं. उत्खननात एकदा काढलेला थर परत घालता येत नाही.

दक्षिण अर्ध्यात जमीन २ खाली पडलेल्या भिंतीची माती लागली, तुसाचे ठसे असलेली. म्हणजे खाली भिंतीचं घर आहे.

१० जानेवारी

७१ सेंमीवर जमीन ३. चोपलेली काळी माती, वर करड्या रंगाचं बारीक सारवण. पश्चिम कडेला मातीची ठेंगणी भिंत, सरळ, किमान तीन मीटर. घर आयताकार. कोपऱ्यात चार चपटे दगड चौकटीत मांडलेले, वर काही नाही. चार पायांची कणगी अशा दगडांवर उभी करत. खापरं बदलली: वाटीच्या धारेला टिचकी मारली, खण्ण वाजली. पूर्व जोर्वे.

पाणी फवारलं. दोरीला लागून अर्धी लंबगोल सावली उमटली, वरच्या खोलगट भागाच्या बरोबर खाली. रुंदी ६० सेंमी. आजी म्हणाल्या, ‘बगा, पेव.’ मी काही बोलले नाही. पेव गोल असतं.

दुपारी गोंधळ. खड्ड्याच्या काठाशी माती सैल लागली आणि तिच्यातून उत्तर जोर्वेचा जाड काठ निघाला. हे खड्ड्यातल्या भरावातलं असेल तर खड्डा वरच्या गोल झोपडीच्या काळातला, आणि सगळी गोष्ट उलटते. हातानं माती दाबून पाहिली: मऊ, काळी, नळीसारखी, आत ज्वारीचं अर्धं कणीस. घुशीचं बीळ. बीळ सुटं काढलं, वेगळ्या क्रमांकानं, वेगळ्या पिशवीत. शिवाय रेगडाच्या भेगा उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या रुंदावतात, वरचं खापर खाली घरंगळतं. दख्खनमध्ये एका खापरावरून काळ ठरवणाऱ्यानं आधी भोवतालची भेग शोधावी.

११ जानेवारी

*७.१५* फक्त खड्डा. दोनच माणसं आत: मी आणि धाकटी मावशी. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. टिकाव, कुदळ वर ठेवलं. खुरपं, करणी, बांबूच्या कामट्या, ब्रश.

*८.४०* खड्ड्याची बाजू सापडली. भराव बाजूपासून साल सुटावी तसा सुटतो. बाजू उभी, खणतानाचे तासलेले चट्टे दिसतात. भरावात राख, कोळशाचे कण, खापरं सगळी खालच्या काळातली. माती चाळणीऐवजी सरळ पिशव्यांत, पाण्यात तरंगवून बिया काढायला.

*१०.०५* ९६ सेंमीवर करड्या मातीच्या भांड्याचा फुगीर पोटाचा भाग. हातानं घडवलेलं, जाड. सगळं थांबवलं. हातमोजे, मास्क. सरांना हाक.

*१०.३०* सर काठावर उकिडवे बसले. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘तोंड तुझ्या दोरीच्या बाजूला असणार.’

*१२.१०* तसंच निघालं. भांडं आडवं आहे, बूड दक्षिणेला, तोंड उत्तरेला, छेदाच्या आत गेलेलं. काठाला दुसऱ्या भांड्याचा काठ भिडलेला दिसतो. तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ: लहान मुलाचं दफन. जोर्वे संस्कृतीत ही पद्धत सगळीकडे आहे, नेवासे, चांडोली, इनामगाव. एकट्या इनामगावात दोनशेच्या वर दफनं मिळाली, त्यातली बहुतेक मुलांचीच, घराच्या जमिनीखाली. प्रौढांना उताणं पुरत, डोकं उत्तरेला, आणि बऱ्याच जणांचे पाय घोट्याशी तोडलेले. वर्तमानपत्रवाले फक्त त्या पायांबद्दल विचारतात.

*१.००* जेवण. कुणी फार बोलत नव्हतं. आजींनी भाकरीचा पहिला तुकडा मोडून बाजूला ठेवला. मग मला: ‘पोराचं हाय न्हवं?’ हो म्हटलं. ‘किती वर्साचं?’ दात पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, असं उत्तर दिलं. खरंही तेच आहे. एवढ्या लहान मुलाचं वय जबड्यात तयार होत असलेल्या दातांवरून ठरतं आणि ते प्रयोगशाळेतच पाहायचं.

*२.१५* कुंभाशेजारी तोटीचा तांब्या, तोटी मोडलेली पण तुकडा जागेवरच. आत माती भरलेली आहे, तशीच राहू द्यायची. धुवायचा नाही. तळाशी काही उरलं असेल तर त्या मातीतच.

*३.४०* कुंभाच्या पोटाला तडा आहे, आत माती आणि एक बारीक बरगडी दिसते. उघडणार नाही. एक विद्यार्थी म्हणाला, थोडंसं पाहू या. नाही.

*४.३०* मापं, फोटो, उत्तरेचा बाण, पट्टी. उजेड गेला. ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिक, त्यावर ताडपत्री. रात्री राखणीला दोघं, कारण गावात बातमी पोचलीच असेल. उसात बिबट्या असल्यामुळे राखणदार जीपमध्ये झोपतात.

१२ जानेवारी

आज खोदकाम शून्य. छेद वाचला.

करणीनं छेद ताजा तासला, पाणी फवारलं, दोन मीटरचा भाग एकास पाच प्रमाणात काढला. खालून वर:

काळ्या चोपलेल्या मातीची जमीन ३, तिच्यावर सारवणाचे दोन हात, म्हणजे दोन लेप. हे दोन्ही हात खड्ड्याच्या काठाशी तोडलेले, कड स्वच्छ. म्हणजे घर आधी बांधलं, राहिले, मग खड्डा खणला. खड्ड्याच्या भरावावर करड्या सारवणाचे पाच पातळ हात. खोलगट भागात ते जाड, बाहेर जाता जाता एकमेकांत मिसळून केसाएवढे. त्यातले वरचे दोन पश्चिमेला भिंतीपर्यंत जातात आणि भिंतीच्या पायथ्याशी वर वळतात. त्यावर पडलेल्या भिंतीची माती. त्यावर गोल झोपडीचे पिवळसर तीन हात, तेही पाच सेंमी खचलेले.

सारवण भिंतीला भेटून वर वळतं, तेव्हा भिंत उभी असते. दफन होऊन, खड्डा बुजवून, जमीन खचून, वर निदान दोन वेळा सारवण होईपर्यंत हे घर उभं होतं आणि वापरात होतं.

‘घराच्या जमिनीखाली दफन’ हे वाक्य आम्ही सर्रास लिहितो. जमीन चालती असताना पुरलं, की घर सोडताना, की पडक्या घरात नंतर, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि बऱ्याच जुन्या नोंदींतून आता कळणारही नाही. इथे कळतंय.

सरांचे आक्षेप, जसेच्या तसे. एक: पाच हात म्हणजे पाच वर्षं नव्हेत. दोन: खोलगट जागा दाराशी असेल तर पायानं झिजून नुसतीच जास्त सारवली असेल. तीन: झोपडीच्या लोकांनी खोलगा भरला म्हणजे त्यांना खाली काय आहे ते ठाऊक होतं, असं अहवालात लिहिलंस तर मी सही करणार नाही.

तिसरा पूर्ण मान्य. खोलगा पायाला लागतो म्हणून भरतात, आजींच्या सासूनं भरला तसा. दुसऱ्याचं उत्तर आराखड्यात आहे: भिंतीतली फट, म्हणजे बहुधा दार, खोलग्यापासून अडीच मीटरवर आहे आणि तिथे सारवणाचे हात जास्त नाहीत. पहिल्यावर मावश्यांना विचारलं. किती वेळा सारवता? एक म्हणाली सणाला. दुसरी म्हणाली आठवड्याला, चुलीपुढं तर रोज. तिसरीच्या घरी आता फरशी आहे. एकूण, वर्षं मोजायचा नाद सोडला.

हात खरंच पाच की डोळ्याला वाटतात, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरेल. छेदात पत्र्याच्या चार लहान डब्या ठोकून अखंड माती काढली. ती राळेत गोठवून उजेड आरपार जाईल एवढे पातळ काप घेतात. शेण, राख, पायदळी दबलेली माती, सगळं त्यात ओळखू येतं. प्रत्येक डबीवर क्रमांक, वरची बाजू, उत्तरेचा बाण.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद, फक्त खापरांच्या अंगणात थोडं वर्गीकरण. काल उत्तर अर्ध्यातली जमीन २ आणि पडकी भिंत काढून दोन्ही कुंभ पूर्ण उघडे केले. त्याची नोंद आराखड्याच्या मागे. खड्डा एकूण ११० × ६० सेंमी.

दुपारी मावश्या नवी लुगडी नेसून तिळगूळ घेऊन आल्या, बरोबर अर्धं गाव. चौकोनाभोवती दोरी होती म्हणून बरं. एक आजोबा थेट मुद्द्यावर: ‘सोनं किती निघालं?’ कुंभात सोनं नाही, हाडं आहेत, असं सांगितलं तर ते ओळखीचं हसले. त्यांना वाटतं आम्ही लपवतोय. निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा १८७८ चा आहे आणि आमचं उत्खनन पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्यानं चालतं, हे सांगून कुणाचं समाधान होत नाही. दायमाबादची गोष्ट सांगितली की मात्र ऐकतात. प्रवरेकाठी १९७४ साली गावातल्याच माणसाला झाडाचं खोड खणताना तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा मिळाले. वस्तू डोळे दिपवणाऱ्या आहेत, पण त्या कुठल्या थरात होत्या याची नोंद त्या क्षणी करणारं कुणी नव्हतं, आणि त्यांच्या काळाबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात. आजोबा म्हणाले, ‘रथ तरी मिळाला की.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१५ जानेवारी

कुंभ उचलले. सकाळभर तयारी: भोवतीची माती खांबासारखी सोडून तळ कोरत नेला, कुंभांवर ओला टिश्यू कागद, त्यावर पट्ट्या, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस. प्लायवूडची फळी हळूहळू खाली सरकवली. सहा जण, एक दोन तीन, वर. मातीसकट वजन पुष्कळ भरलं, एक फळी करकरली, पण काही सुटलं नाही. तांब्या वेगळा, आतल्या मातीसकट.

डीएनएसाठी नमुना घेणार का, असं विचारणारे दोन फोन. या हवामानात हाडांतला डीएनए फारसा टिकत नाही, अपेक्षा ठेवू नयेत, एवढंच सांगितलं.

१७ जानेवारी

भरावाच्या पिशव्या पिंपात पाण्यावर तरंगवल्या. जळके दाणे वर आले: जव बऱ्यापैकी, एक-दोन मसूर. कालनिर्णयाला हेच पाठवायचे. कोळसा पाठवला तर लाकडाचं वय येतं, आणि जुन्या खोडाचं लाकूड घरापेक्षा पन्नास-शंभर वर्षांनी थोरलं असू शकतं. जवाचा दाणा एकाच हंगामाचा. खड्ड्याच्या भरावातला दाणा मात्र खड्ड्याआधीचाही असू शकतो, त्यामुळे सोबत जमीन ३ वरच्या चुलीतले आणि वरच्या झोपडीच्या चुलीतले असे तीन संच. वरचा आणि खालचा संच मिळून दफनाला दोन्ही बाजूंनी चिमट्यात पकडता येईल, असा बेत.

पूर्वेकडच्या बाल्कमध्ये जमीन ३ खाली आणखी एका करड्या कुंभाचा काठ दिसतोय. सर म्हणाले, या हंगामात नाही. मीही आग्रह धरला नाही. बाल्क घाईत काढला तर तिथलं सारवण वाचायला दिवस राहणार नाहीत. काठावर टिश्यू आणि बारीक वाळू लावून बंद केला, आराखड्यावर खूण केली.

चौकोनात जाळीचं कापड, त्यावर नदीची वाळू, वर काढलेली माती. तळाला यंदाच्या सालाचं नाणं टाकलं. पुन्हा कुणी इथे खणलं तर आपण कुठपर्यंत आलो होतो ते त्याला कळावं.

उद्या: मजुरांचा हिशेब. ताडपत्र्या परत. सूक्ष्म-मातीच्या डबी क्र. ३ वरचा उत्तरेचा बाण पुसट झालाय, फोटोशी ताडून पुन्हा काढणे.